दाजी बेस वाजवायचे

मराठीतला सगळ्यात चांगला रॉक अल्बम कुठला, हा प्रश्न मला आजवर कुणी विचारलेला नाही. विचारला असता तर मी त्याला खुर्ची दिली असती, चहा मागवला असता आणि त्याचा निदान तासभर खाल्ला असता. लोक मला विचारतात ते मातीत पोटॅश किती आहे आणि विहिरीचं पाणी खारं का झालं. बारामतीत माती-पाणी तपासायच्या प्रयोगशाळेत माझी नोकरी. आमच्याकडे येणारा माणूस कापडी पिशवीत दोन मुठी माती घेऊन येतो आणि रिपोर्ट घेऊन जातो, त्याला रॉकचं काय? तरी मी सांगते. तो अल्बम तीसएक वर्षांपूर्वी पुण्यात कॉलेजच्या चार पोरांनी काढला. त्याच्या कॅसेटी फारशा कुणी घेतल्या नाहीत. त्या चौघांतले एक जण सध्या इंदापूर तालुक्यात शेळगावला शेडनेटमध्ये ढोबळी मिरची पिकवतात, आणि ते माझे दाजी आहेत, म्हणजे थोरल्या बहिणीचे यजमान.

हे ऐकलं की लोक म्हणतात, अच्छा, म्हणजे घरचं म्हणून कौतुक! इथं माझं डोकं फिरतं. घरच्या माणसाचं फुकटचं कौतुक मी जन्मात केलेलं नाही. खात्री करायची असेल तर माझ्या नवऱ्याला विचारा.

दाजी ताईला बघायला आमच्याकडे वरकुट्याला आले तेव्हा मी आठवीत होते. बैठकीत पोहे गेले, शेती किती, पाणी कुठलं, ऊस कुठल्या कारखान्याला जातो, असं सगळं रीतसर चाललं होतं. तेवढ्यात मध्यस्थाला काय सुचलं कुणास ठाऊक, तो म्हणाला, "पोरगं पुन्याला बँडमधी व्हतं बरं का!"

आबांचा, म्हणजे आमच्या वडलांचा, चेहरा उतरला. आमच्याकडं बँड म्हणजे वरातीपुढचा बँड. तांबडे कोट, पिपाण्या, आणि मागनं घोड्यावर नवरदेव. एवढं शिकलेलं पोरगं आणि वरातीत वाजवतं? पण पाहुणा दारात आलेला. आबांनी सावरून विचारलं, "काय वाजवायचा तुमी?"

"बेस," दाजी म्हणाले.

आबा पुढचं ऐकायला थांबले. पुढं काही येईना. आता आमच्या भागात बेस म्हणजे छान, उत्तम. कालवण बेस झालं, पाऊस बेस झाला, सून बेस मिळाली. पोरगं आपल्या तोंडानं आपलीच तारीफ करतंय, हे काही आबांना आवडलं नाही.

"बेस वाजवायचा, ते चांगलं हाय. पन वाजवायचा काय?"

"बेसच."

"आवो, ज्येला त्येला वाटतंय आपन बेस वाजिवतो. वाद्य कंचं, वाद्य?"

"बेसच हो आबा," दाजींना घाम फुटला होता. "त्येला चार तारा असत्यात."

"चार तारा!" आबांचा जीव भांड्यात पडला. "मग वीना म्हना की सरळ! चार तारा म्हंजी वीना. तुमी भजनातलं हाय व्हय!"

आत चुलीपाशी ताई तोंडात पदर कोंबून हसत होती, कारण मी दाराआडून सगळं ऐकून तिला जसंच्या तसं सांगत होते. दाजींनी वीणा नाकारली नाही. लग्न ठरलं ते त्या वीणेवर. पुढं आबांनी दोन-तीनदा त्यांना भजनाला नेलं, आणि दाजी तिथं वीणा गळ्यात अडकवून निमूट उभे राहिले. जावई लई बेस हाय, असं आबा गावभर सांगायचे.

लग्नानंतरच्या थंडीत मी सुट्टीला शेळगावला गेले. ज्वारी हुरड्यात आली होती आणि तिच्यावरून, या बांधापासून त्या बांधापर्यंत, काठ्यांना बांधून कॅसेटच्या पट्ट्या ताणल्या होत्या. हे तेव्हा सगळेच करायचे. ती तपकिरी पट्टी उन्हात चमकते, वाऱ्यावर सूं सूं वाजते आणि पाखरं बिचकतात. जुन्या, गुंतलेल्या, फाटलेल्या कॅसेटी त्यासाठी राखून ठेवलेल्या असायच्या. पण या कॅसेटी जुन्या दिसत नव्हत्या. बांधावर दाजी बसले होते, शेजारी खोकं, आणि खोक्यातली एकेक कोरी करकरीत कॅसेट उघडून ते तिची आतडी बाहेर काढत होते.

"कुनाची गानी हायती?" मी विचारलं.

"आमचीच," दाजी म्हणाले. "कुनी ऐकली न्हायत, आता पाखरं तरी ऐकतील."

हे ते हसत म्हणाले, म्हणून मीही हसले. मग ते पट्टी बांधायला वाफ्यात उतरले आणि मी खोक्यातली एक कॅसेट फ्रॉकच्या खिशात घातली. कव्हरवर चार पोरं एका बंद शटरपुढं उभी होती. छपाईत रंग सरकल्यामुळे चौघांची तोंडं हिरवी आली होती. सगळ्यात कडेला उभं राहून भलतीकडंच बघणारं हिरवं तोंड दाजींचं.

दुपारी ताईच्या टेपरेकॉर्डरवर मी ती लावली, आणि माझं वाटोळं झालं म्हणा किंवा कल्याण झालं म्हणा. तोवर मला गाणं म्हणजे सिनेमातलं, नाहीतर देवाचं, नाहीतर हळदीचं, एवढंच माहीत होतं. हे चौघं मराठीतच गात होते, पण भांडल्यासारखे. पहिलं गाणं एसटी स्टँडवर ताटकळणाऱ्या माणसाचं. त्यात ढोलवाला, म्हणजे ड्रम वाजवणारा, असा बडवत होता की मांडणीवरची भांडी एकामागून एक खाली येतायत असं वाटावं, तरी एकही चुकीच्या जागी पडत नव्हतं. गाणाऱ्याचा घसा बसलेला, पण बसल्या घशानं तो हटून बसला होता. आणि ती गिटार! गिरणीचा पट्टा सुटल्यावर फडफडतो तशी ती मधेच सुटायची आणि मग तिला कुणी आवरू शकत नव्हतं. होस्टेलच्या मेसमधल्या पातळ वरणावर एक गाणं होतं. वरणात स्वतःचं तोंड दिसतं आणि ते तोंड ओळखू येत नाही, अशी काहीतरी त्यात ओळ होती. चौदाव्या वर्षी मला ते हसू येण्यासारखं वाटलं. होस्टेलला राहिल्यावर त्याच ओळीनं मला रडवलं.

सगळी दहा गाणी उत्तम आहेत असं मी म्हणणार नाही. पहिल्या बाजूचं चौथं गाणं टाकाऊ आहे. त्यात ते उगाच आभाळ, क्षितिज वगैरे करतात. पण दुसऱ्या बाजूच्या शेवटच्या गाण्यासाठी मी कुणाशीही भांडायला तयार आहे. त्या गाण्याचे शब्द दाजींचे.

"दारं धरून उभा मी, पाणी काही येईना," अशी त्याची सुरुवात. आमच्याकडच्या माणसाला फोड करून सांगायला नको. दारं धरणं म्हणजे कालव्याची पाळी आली की खोरं घेऊन उसात उभं राहायचं, एका सरीचं तोंड मातीनं बंद करायचं आणि पाणी दुसरीत वळवायचं. पण गाणारा होता पुण्याच्या पेठेतला. त्याला वाटलं, दारं म्हणजे घराची दारं. कुणीतरी प्रेमात पडलेला माणूस दाराची कड धरून उभा आहे आणि पाणी डोळ्यांतलं आहे. त्यानं ते तसं गायलं. इतकं हळवं, इतकं आर्त, की ऐकताना खोरंही आठवत नाही आणि ऊसही.

"तुमी सांगितलं न्हाय त्येला?" मी दाजींना एकदा विचारलं होतं.

"सांगनारच व्हतो," ते म्हणाले. "पन त्येनं डोळं मिटलं व्हतं गाताना. म्हनलं, ऱ्हाऊ दे. त्येचं बी काय खोटं न्हाय."

अल्बमचं पुढं काय झालं ते सांगण्यासारखं नाही, तरी सांगते, कारण तेही मला आवडतं. कॉलेजच्या गॅदरिंगला त्यांना लोकांनी सिनेमाची गाणी वाजवायला लावली. एकानं लग्नाला बोलावलं आणि ऐन वेळी विचारलं, की चालत वाजवणार का, आणि मग वायर किती लांब आहे. दाजींनी बावड्याच्या बाजारात एका दुकानदाराकडे कॅसेटी ठेवल्या. मराठी आहेत म्हटल्यावर त्यानं त्या भजन-भारुडाच्या फळीवर लावल्या. त्यातल्या ज्या खपल्या त्या लोकांनी घरी नेऊन, त्यावर आपल्या बारशाचं आणि पूजेचं टेप केलं. उरलेल्या खोक्यातून ज्वारीत गेल्या. चौघांतला गाणारा परदेशी गेला, गिटारवाला कसल्याशा कंपनीत, ढोलवाला पुण्यातच राहिला. दाजी त्याआधीच गावी परतले होते.

मी मात्र ती कॅसेट ऐकत राहिले. पट्टी गुंतली की पेन्सिल घालून फिरवली, तुटली की नेलपॉलिशनं चिकटवली. पुढं एकानं ती मोबाईलमध्ये घालून दिली आणि मी प्रयोगशाळेत मातीचं पाणी गाळताना ती ऐकू लागले. माझ्या इअरफोनचा एकच कान चालतो. नवीन घे म्हणून नवरा मागं लागतो, पण दुसऱ्या कानानं मला फोन, साहेब आणि शेतकरी ऐकायचे असतात. सहकारी म्हणतात, मॅडमचं ते भांडणाचं गाणं लागलं. मी म्हणते, तुम्हाला नाही कळायचं. असं म्हणायला मला फार आवडतं.

एकच गोष्ट मला चिडवायची. दाजी तो अल्बम ऐकायचे नाहीत. शेळगावला गेले की मी मुद्दाम लावायचे. पहिलं गाणं सुरू झालं, की दाजी उठायचे आणि म्हणायचे, "जरा मोटार बघून येतो." लाईट नसतानासुद्धा! मग मी ताईपुढं, त्यांना ऐकू जाईल अशा आवाजात, गाणाऱ्याची तारीफ करायचे, ढोलवाल्याची करायचे, गिटारीची करायचे. मला वाटायचं, हा विनय आहे आणि तो मोडून काढला पाहिजे.

आणि मग गेल्या हंगामात, ऊस तोडीला आला त्या सुमारास, ताईचा फोन आला. पुण्याच्या ढोलवाल्याला अल्बमची मूळ टेप सापडली होती. त्यानं ती कुणाकडून तरी साफ करून घेतली होती, आणि आता ती सगळ्यांना ऐकता येईल अशी इंटरनेटवर टाकायची त्याची इच्छा होती. पण चौघांनी होय म्हटलं तरच. परदेशातला हो म्हणाला, कंपनीतला हो म्हणाला, दाजी नाही म्हणाले. का, ते सांगेनात. ढोलवाल्यानं पुन्हा फोन केला तर घेईनात. शेवटी ढोलवाला ताईला म्हणाला, तो नको म्हणत असेल तर मी नाही टाकणार, राहू दे घरातच.

"तूच काय ते सांग त्यांना," ताई म्हणाली. "तुझं ऐकत्यात."

माझं कुणी ऐकत नाही, पण त्या क्षणी मला ते पटलं. ज्या अल्बमसाठी मी अर्धं आयुष्य एकटी भांडत होते, तो जगापुढं येण्याच्या आड एकच माणूस होता आणि तो माझाच दाजी होता. ढोलवाल्यानं मला साफ केलेली गाणी मोबाईलवर पाठवली. मी ती एका कानानं ऐकली आणि रविवारी सकाळी स्कूटी काढली.

दाजी शेडनेटमध्ये मिरची तोडत होते. मी ओढणी कमरेला खोचली आणि शेजारच्या ओळीत तोडायला लागले.

"या मातीवाल्या मॅडम," ते म्हणाले. "देठ ठिऊन तोडा. बिनदेठाची मार्केटला कुनी घेत न्हाय."

"तुमी हो का म्हनत न्हाय, ते आधी सांगा."

"नगं वाटतंय."

"नगं वाटायला काय झालं? एवढी चांगली गानी! तो ढोल काय वाजलाय, ती गिटार..."

"व्हय, ढोल चांगला हाय. गिटार चांगली हाय. गळा तर लईच चांगला." दाजींनी क्रेटमध्ये मिरची ठेवली, टाकली नाही, ठेवली. "त्यात मी न्हाय."

मला आधी कळलंच नाही. मी म्हटलं, फोटोत आहात की, कडेला! ते हसले नाहीत.

मग त्यांनी सांगितलं, आणि सांगताना मिरची तोडणं थांबवलं नाही. गाणी वाजवून झाली होती, आता सगळ्यांचे आवाज एकमेकांत बसवायचं काम उरलं होतं, आणि त्याच आठवड्यात घरच्या उसाला कारखान्याची तोड आली. तात्या, म्हणजे त्यांचे वडील, एकटे पडले असते म्हणून दाजी गावी आले. परत गेले तोवर कॅसेट तयार होती. चौघं एका खोलीत छोट्या टेपरेकॉर्डरभोवती बसले.

"पैलं गानं झालं. मी आपला वाट बघतोय, कवा येतोय मी. दुसरं झालं. ही बाजू संपली, ती बाजू संपली. हे तिघं नाचाय लागले. मी कुठंच न्हाय. चार तारांमधली एक तार ऐकू येईना. म्हनलं, झालं, खेड्यातलं पोरगं, बोटं जड, वाजवताना चुकला आसंल, यांनी बारीक केलं मला. बारीक म्हंजी पार पुसूनच टाकलं."

"मग इचारलं न्हाय त्यांना?"

"काय इचारायचं? मी कुठं हाय म्हनून?" दाजी म्हणाले. "थोड्या दिसांनी आलो निघून."

मला जे वाटलं ते सांगते. आधी वाईट वाटलं, मग लाज वाटली. कारण त्यांचा बेस मलाही कधी ऐकू आला नव्हता, आणि आला नाही हे माझ्या लक्षातही आलं नव्हतं. बेस, म्हणजे ती खर्जातली गिटार, आमटीतल्या हिंगासारखं काहीतरी असेल, असतं पण दिसत नाही, एवढंच मी धरून चालले होते. एवढी वर्षं मी त्यांच्या घरात बसून, त्यांना ऐकू जाईल अशा बेतानं, बाकीच्या तिघांच्या आरत्या ओवाळल्या होत्या. तो माणूस लाईट नसताना मोटार बघायला जाणार नाही तर काय करणार!

आणि मग मला राग आला. माझा राग नेहमी उशिरा येतो आणि आला की कुणावर काढावा हे त्याला कळत नाही. मी तिथनं तरातरा निघाले आणि अंगणात आले.

अंगणात ताईचा दीर होता आणि त्याचा ट्रॅक्टर होता. चाळिशीतला हा माणूस, दोन पोरांचा बाप, पण ट्रॅक्टरपुढं त्याचं वय बारा. हंगामात तो कारखान्याला ऊस ओढतो. ट्रॅक्टरला गोंडे, आरसे, झालरी, आणि टपाखाली घागरीएवढ्या तोंडाचे स्पीकर. ऊस रिकामा करून नुकताच परतला होता आणि नवीन बसवलेल्या बॉक्सची वायर जोडत होता. गाणं कसलं का असेना, बेस पाहिजे, हे त्याचं एकमेव मत. त्याचा ट्रॅक्टर वाटेनं गेला की आमच्या ताईच्या खिडकीची काच बोलते.

"या या," तो मला म्हणाला. "बॉक्स तपासायचाय. एखादं गानं हाय का मोबाईलमधी?"

"हाय की," मी म्हणाले. "ह्ये लावा. आन् आवाज पुरा सोडा. समद्या शेळगावाला ऐकू द्या, मग तुमच्या दादांना काय म्हनायचंय ते म्हनू दे."

त्यानं मोबाईल जोडला. एसटी स्टँडचं गाणं सुरू झालं, आणि मला वाटलं भलतंच लागलंय. कारण आधी काही कानाला आलंच नाही, पायाला आलं. चपलेखालची जमीन हलली. मग आत ताईच्या मांडणीवरचे पेले किणकिणायला लागले. मग माझ्या छातीत कुणीतरी हळू, शांत, ठाम पावलं टाकत चालायला लागलं, आणि त्या चालीवर, तिच्याच खांद्यावर हात ठेवून, तो ओळखीचा ढोल आला, ती गिटार आली, तो बसका गळा आला. हे गाणं मी हजारदा ऐकलं असेल. हे गाणं मी कधीच ऐकलं नव्हतं. आजवर मी भिंती ऐकत होते, घराला पाया आहे हे मला माहीत नव्हतं.

दीर आ वासून स्पीकरकडं बघत होता. मग तो सगळ्या आवाजावर ओरडला, "आयला! काय बेस हाय! कुनी वाजिवलाय ह्यो बेस?"

शेडनेटचं दार उघडलं. दाजी खांद्यावर क्रेट घेऊन बाहेर आले आणि तिथंच थांबले. क्रेट खाली ठेवला. तो कलंडला आणि मिरच्या घरंगळल्या, तरी वाकले नाहीत. चालत ट्रॅक्टरपाशी आले आणि ट्रॉलीच्या लोखंडावर तळहात टेकवला, गाभण म्हशीच्या पोटावर टेकवावा तसा.

"लहान डब्यात बेस येतच न्हाय दादा," दीर मोठ्या तोऱ्यात सांगू लागला. "मोबाईलवर लावलं का निस्ती माशी. त्येला बॉक्सच लागतोय."

दाजी त्याच्याकडं बघतच नव्हते. त्यांच्या डाव्या हाताची बोटं विजारीवर चालायला लागली होती. "आता खाली उतरतो बघ," ते म्हणाले, आणि बेस खाली उतरला. "हितं जरा थांबतो." बेस थांबला, ढोल एकटा गेला, आणि दाजींनी मान हलवली तेव्हा बेस परत येऊन त्याला मिळाला. एवढ्या वर्षांत त्यांनी ते ऐकलं नव्हतं, आणि एकही जागा विसरले नव्हते. ताई हातातलं पीठ घेऊन दारात उभी होती. गाण्यामागून गाणी गेली. चौथं टाकाऊ गाणंसुद्धा बेसमुळं बरं वाटलं, हे मला नाइलाजानं मान्य करावं लागतं.

शेवटी दारं धरण्याचं गाणं लागलं. वर तो पेठेतला पोरगा डोळे मिटून दाराची कड धरून उभा, पाणी काही येईना म्हणून कासावीस. आणि खाली, त्याला पत्ता नसताना, दाजी पाणी आणत होते. सावकाश, एक सरी भरून दुसरीत, दुसरी भरून तिसरीत. त्या गाण्यात पाणी येत होतं! आर्त गळ्याच्या पायाखालून ते अख्खं गाणंभर येत होतं आणि मला ते आज कळत होतं. मी रडले. तिथंच, ट्रॅक्टरच्या गोंड्यांशेजारी उभी राहून, सगळ्यांदेखत रडले.

गाणं संपलं. मी डोळे पुसून मोबाईलची वायर काढली, ढोलवाल्याला फोन लावला, आवाज मोठा केला आणि मोबाईल दाजींच्या हातात दिला.

"काय म्हणाला तो?" ढोलवाल्यानं पलीकडून विचारलं. "नाहीच म्हणाला ना?"

"मी हाय," दाजी म्हणाले.

पलीकडं खुर्ची सरकल्याचा आवाज आला. मग, "अरे..."

"तुमी मला बारीक केलं न्हवतं?" दाजींनी नमस्कार-चमत्कार न करता एकदम विचारलं. पोटात इतकी वर्षं दाबलेला प्रश्न असा पाच शब्दांत बाहेर आला.

"बारीक? तुला?" ढोलवाला म्हणाला. "अरे, तुझ्या बेसवरून आवाज बसवताना मारामारी व्हायची बाकी होती. माझा आवाज बुडतोय, याला कमी करा, असं म्हणत होता आपला गायक. आम्ही दोघं म्हणालो, बुडू दे. तो तोडीला गावी गेलाय, इथं बोलायला नाही, त्याचं कणभर कमी करायचं नाही. आणि तू आलास, कॅसेट ऐकलीस, एक शब्द बोलला नाहीस आणि निघून गेलास. आम्हाला वाटलं, तुला अल्बमच आवडला नाही. म्हणून तर आता विचारत होतो."

दाजींनी मोबाईल कानापासून जरा दूर धरला. त्यांच्या गालावरून पाणी उतरत होतं आणि ते पुसायचं त्यांच्या ध्यानात नव्हतं. दीर गोंधळून आळीपाळीनं आमच्याकडं बघत होता. ताई पिठाच्या हातांनीच पुढं आली आणि त्यांच्या शेजारी उभी राहिली.

"ऐकतोयस ना?" पलीकडून आवाज आला. "मग काय करू? टाकू का नको?"

दाजींनी घसा साफ केला.

"टाक की मग," ते म्हणाले. "तुला कुनी अडिवलंय?"